खाडा नेमका कुणाचा?

आमच्या स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर या महिन्यात पाच फुल्या होत्या. दोन दूधवाल्याच्या, तीन भांडीवाल्या मावशींच्या. काल हिशेबाला बसलो तर मावशी म्हणाल्या, "दादा, पाच तारखेला तुम्हीच नव्हता. दाराला कुलूप. मी जिने चढून परत गेले." बरोबर होतं त्यांचं. गैरहजर आम्ही आणि खाडा त्यांच्या नावावर! फुली खोडली, पण विषय डोक्यातून जाईना.

न येण्याला आपल्याकडे शब्दांची काय कमी? शाळेत गैरहजर, कॉलेजात दांडी, कोल्हापूरकडे बुट्टी, ऑफिसात रजा. पण 'खाडा' फक्त रोजावरच्या माणसाचा. साहेबाचा खाडा झालेला कुणी ऐकलाय? साहेब 'दौऱ्यावर' असतात, गेलाबाजार 'मीटिंगमध्ये' तरी असतातच. मुंबईच्या गिरणीत कामगार आला नाही की गेटवर ताटकळणाऱ्या बदलीवाल्याला त्याच्या जागी आत घेत. मालक आला का, हे कोण बघणार?

गंमत म्हणजे इंग्रजीतला 'ॲबसेंटी' हा शब्द गाजला तो मालकांवरूनच. आयर्लंडमधल्या जमिनींचा खंड घ्यायचा आणि राहायचं मात्र इंग्लंडात, अशा जमीनदारांना तो चिकटला. १७२९ साली तर डब्लिनमध्ये त्यांची नावानिशी यादीच छापली गेली, कोण किती पैसा देशाबाहेर नेतो त्याच्या आकड्यांसकट. मालकांचं हजेरीपत्रक! मला हे फार आवडतं.

आपल्याकडे अशा गैरहजर मालकांचा हिशेब कूळ कायद्याने केला. (कूळ म्हणजे दुसऱ्याची जमीन खंडाने कसणारा.) १९४८ चा कायदा, पुढे त्यात दुरुस्ती झाली आणि १ एप्रिल १९५७ या कृषक दिनी कसणारं कूळ जमिनीचं मालक मानलं गेलं. सगळीकडे ते सरळपणे झालं नाही, वाद कित्येक वर्षं चालले. आमचे आजोबा कूळ. राजापूर तालुक्यातली भातशेती, जमिनीचे मालक मुंबईत. खंड पोचवायचा, बाकी तोंड दिसायचं नाही. आजोबांनी त्या कायद्याच्या कलम ३२ ग खाली ठरलेली जमिनीची किंमत हप्त्यांनी फेडली. ३२ म चा, म्हणजे जमीन खरेदी केल्याचा, दाखला शेवटपर्यंत ट्रंकेत, धोतराच्या घडीत ठेवलेला असायचा. सातबाऱ्यावर नाव चढलं.

आता त्याच सातबाऱ्यावर माझंही नाव आहे. राहतो ठाण्यात. जमीन कसतो चुलतभाऊ. २०२१ पासून ई-पीक पाहणी, म्हणजे शेतातल्या पिकाची मोबाइलवरून नोंद, आली, तिचा फोटो शेतात उभं राहूनच काढावा लागतो, तो काढतो. मी गणपतीत पाच दिवस जातो, बांधावर उभा राहून फोटो मीही काढतो, पण तो स्टेटसला ठेवायला. खंड घेत नाही, दोन पोती तांदूळ येतो. (याला खंड म्हणायचं की नाही, हा प्रश्न मी बायकोसमोर काढत नाही.)

परवा त्याचा फोन आला. "दादा, वरचा बांध पावसात ढासळला. चिरा लावायचा तर खर्च आहे, एकदा येऊन बघून जा."

म्हटलं, "अरे, रजा कुठे शिल्लक आहे?"

"बरं," म्हणाला, "मग मीच बघतो."