नगरसेवक नव्हते तेव्हा काय अडलं? सांगते

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर हा मेसेज महिन्यातून एकदा तरी फिरून येतो. तुमच्याकडेही आला असेल. "पुण्यात जवळजवळ चार वर्षं नगरसेवक नव्हते. पाणी आलं, कचरा उचलला गेला, रस्ते झाले. काय अडलं? उलट कोट्यवधींचं मानधन वाचलं. बाकं आणि स्वतःच्या नावाच्या पाट्या यापलीकडे ही मंडळी करतात काय? प्लॅनिंग तज्ज्ञांवर सोडा, तक्रारीला ॲप आहेच." खाली अंगठ्यांची रांग.

आधी मानधनाचं उरकून टाकू, कारण ते सोपं आहे. पुण्यातल्या नगरसेवकाला महिन्याला 20,000 रुपये ठरले. 2017 मध्ये 162 जण निवडून आले होते. गुणाकार केला तर वर्षाचे साधारण 3 कोटी 89 लाख होतात, बैठकीचा भत्ता वगैरे वेगळा. महापालिकेचं 2025-26 चं अंदाजपत्रक 12,618 कोटींचं. म्हणजे शंभर रुपयांतले तीन पैसे वाचले. उरलेल्या नव्व्याण्णव रुपये सत्त्याण्णव पैशांचं काय झालं, हे त्या काळात सभागृहात उभं राहून कोणी विचारलं?

"काय अडलं" याचं उत्तर इथेच आहे. 14 मार्च 2022 ला मुदत संपली आणि मतदान झालं थेट 15 जानेवारी 2026 ला. मधल्या काळात आयुक्त हेच प्रशासक. एरवी आयुक्त अंदाजपत्रक मांडतात, 16 जणांची स्थायी समिती त्यात काटछाट आणि भर घालते, मग मुख्य सभेत त्यावर भाषणं होतात. काही रटाळ, काही निव्वळ पक्षाची, पण अधूनमधून एखादा जुना सभासद असा प्रश्न विचारतो की अधिकाऱ्याला फाईल मागवावी लागते. प्रशासकाच्या काळात स्थायी समिती होती आणि मुख्य सभाही होती, फक्त कागदावर. प्रस्ताव मांडणारे आयुक्त, मंजूर करणारे प्रशासक, आणि खुर्चीतला माणूस एकच. त्यांच्या हेतूबद्दल मला काही म्हणायचं नाही. 9,515 कोटी, 11,601 कोटी, 12,618 कोटी अशी सलग तीन वर्षांची अंदाजपत्रकं याच पद्धतीने मंजूर झाली. अडलं काहीच नाही, हे खरंय. अडवायला कोणी होतंच कुठे?

राज्यघटना मात्र सांगते की पाच वर्षांची मुदत संपण्याआधी पुढची निवडणूक झाली पाहिजे. सोय म्हणून नाही, नियम म्हणून.

बाकं आणि पाट्यांचा आरोप मी खोडणार नाही. नगरसेवकांनी सुचवलेल्या कामांच्या 'स' यादीतला पैसा, मार्चअखेरीला वर्गीकरणाचे, म्हणजे एका कामाचा निधी दुसरीकडे वळवण्याचे, ढीगभर प्रस्ताव, धडधाकट फुटपाथ उखडून पुन्हा तेच पेव्हर ब्लॉक, हे पुणेकराला तोंडपाठ आहे. पण त्या पाटीवर निदान नाव असतं. शिव्या कोणाला द्यायच्या ते कळतं.

आता ॲप. समजा, गल्लीतल्या ड्रेनेजच्या चेंबरचं झाकण रस्त्यापेक्षा चार बोटं खाली गेलंय. झाकण खचलेलं नाही, डांबराचा नवा थर चढल्यामुळे रस्ताच वर आलाय आणि चेंबर लेव्हलला घ्यायचं राहून गेलंय. फोटो काढला, ॲपवर टाकला. कोणत्या खात्याची तक्रार? रस्ता पथ विभागाचा, चेंबर मलनिःसारणाचं, आणि शेजारी केबलसाठी खोदाई झाली असेल तर आणखी तिसरं टेबल. ॲपला एक तक्रार, एक खातं एवढंच समजतं. दोन खात्यांच्या कनिष्ठ अभियंत्यांना एकाच वेळी त्या झाकणाशेजारी उभं करायला माणूस लागतो. आणि डांबरीकरणाच्या निविदेत चेंबर उचलण्याचं काम धरलं होतं की नाही, धरलं असेल तर बिल कसं निघालं, हे विचारण्याची सोय कुठल्याच बटणात नाही.

नागरिक थेट अंदाजपत्रकात कामं सुचवू शकतात, असंही एका अंगठेवाल्याने खाली लिहिलं होतं. बरोबर आहे, पुण्यात ही पद्धत 2006 पासून आहे आणि चांगली आहे. पण त्यात एका कामाला 5 लाखांची मर्यादा आणि आलेल्या सूचनांचा क्रम लावणार प्रभाग समिती. त्या समितीत बसतं कोण? नगरसेवकच.

राहता राहिलं प्लॅनिंग. 1966 चा नगररचना कायदा वाचला तर तज्ज्ञांवर सगळं सोडायचं असं त्यालाही वाटलेलं दिसत नाही. विकास आराखड्यावरच्या हरकती ऐकणाऱ्या समितीत स्थायी समितीचे तीन सभासद आणि बाहेरून नेमलेले जास्तीत जास्त चार जाणकार. पुण्याच्या 2007 ते 2027 च्या आराखड्यावर 87 हजारांच्या आसपास हरकती आल्या होत्या. आणि 1997 मध्ये हद्दीत आलेल्या 23 गावांच्या टेकड्यांवर 978 हेक्टर जैवविविधता उद्यानाचं आरक्षण आहे. नागरिकांनी ते लावून धरलं आणि त्यांना सभागृहात बोलणारी माणसं मिळाली. सरकारी मंजुरीला 2015 उजाडलं. तोवर विषय जिवंत राहिला तो यामुळेच.

उलटं उदाहरणही द्यायला हवं. 2020 मध्ये सहा मीटरचे 323 रस्ते नऊ मीटर करण्याचा प्रस्ताव स्थायी समितीनेच मंजूर केला. माझ्या मते तो गल्लीपेक्षा टीडीआरच्या, म्हणजे विकत घेऊन वापरायच्या जादा बांधकाम हक्कांच्या, सोयीचा होता. पण तो समितीपुढे आला म्हणून पेपरात आला, घराचं पुढचं अंगण जाणार म्हणून लोक भांडले, पक्षांना खुलासे करावे लागले.

एका मुद्द्यावर मात्र मेसेज लिहिणाऱ्याशी माझं जमलं असतं, पण तो त्यात नाही. आता 165 नगरसेवक आहेत आणि बहुतेक प्रभाग चौघांचे. चार जणांचा प्रभाग म्हटलं की प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवू शकतो. मेसेज टाकणाऱ्या काकांना मी परवा लिफ्टमध्ये आपल्या चौघांची नावं विचारली. त्यांना दोन आठवली. मला तीन. चौथ्यासाठी घरी येऊन फोनमध्ये शोधावं लागलं.