पौष पौर्णिमा, कात्रजची वाट आणि विजेरीचा वाद

काल संध्याकाळी कट्ट्यावर पौष पौर्णिमेच्या रात्री कात्रजच्या जुन्या बोगद्यापासून सिंहगडापर्यंत चालत जायचे ठरले, तेव्हा कोणाचेच दुमत नव्हते. वाद पेटला तो विजेऱ्या लावायच्या की नाहीत यावरून.

दादाचे म्हणणे स्पष्ट होते. "चांदणे बघायला जायचे आणि पंचवीस माणसांनी कपाळावर दिवे लावायचे, तर मग पौर्णिमा कशाला हवी?" अंधाराला डोळे सरावायला वीस ते तीस मिनिटे लागतात आणि एकाने मागे वळून विजेरीचा झोत मारला की सगळ्यांची तेवढी वेळ वाया जाते, हा त्याचा मुद्दा मलाही पटतो. एकदा डोळे सरावले की डोंगरधारेवरची मळलेली वाट फिकट पट्ट्यासारखी समोर दिसते, उजवीकडे पुण्याचे दिवे, डावीकडे खाली शिवापूर खोऱ्यातला महामार्ग आणि समोर सिंहगडावरच्या मनोऱ्याचा लाल दिवा. हे सारे विजेरीच्या वर्तुळात सापडत नाही.

आमच्या भूगोलाच्या बाईंनी मात्र वेगळीच बाजू मांडली. पौर्णिमेचा चंद्र सूर्याच्या समोरच्या बाजूला असतो, त्यामुळे हिवाळ्यात सूर्य जितका दक्षिणेकडून खालून जातो तितका चंद्र उंचावरून जातो आणि पौषात पुण्याला तो मध्यरात्रीच्या सुमारास जवळजवळ डोक्यावर येतो. मग दगडाची सावली दगडाखालीच राहते आणि खड्डा, पायरी, सपाटी सारे एकसारखे दिसू लागते. त्याआधीचे तीन तासही फारसे सोपे नसतात, कारण आपण पश्चिमेकडे चालत असतो, चंद्र पाठीशी असतो आणि आपलीच सावली आपल्या पावलापुढे पडते. मी ही वाट चार वेळा चाललो आहे. अडखळायला नेमके का होते, हे मला काल प्रथम कळले.

दादाने तानाजी मालुसऱ्यांचा दाखला दिला. त्यावर तात्या गंभीरपणे म्हणाले, "४ फेब्रुवारी १६७० ची ती रात्र माघ वद्य नवमीची होती. नवमीचा चंद्र मध्यरात्रीनंतर उगवतो. अंधार हवा होता, म्हणून ती रात्र त्यांना सोयीची होती, आणि डोंगरात वाढलेली माणसे होती ती. आपण दिवसभर खुर्चीत बसणारे, दादा."

तात्यांचा खरा राग उतारांवर होता, आणि तो रास्त आहे. या वाटेवर लहानमोठ्या तेरा टेकड्या मोजतात. प्रत्येक चढाचा उतार असतो आणि हिवाळ्यात तिथला मुरूम सुटा होऊन पायाखालून गोट्यांसारखा निसटतो. वाळलेल्या गवतावरूनही पाय घसरतो. दोन वर्षांपूर्वी अशाच एका उतारावर आमच्यातल्या एकाचा घोटा मुरगळला होता. आम्ही वीसजण होतो, पुढचे पुढे निघून गेले होते आणि मागे कोणी बसले आहे हे त्यांना अर्ध्या तासाने समजले. वाटेत पाण्याची सोय नव्हती आणि त्याच्या जवळची बाटली संपत आली होती. ती रात्र आठवली की आजही मला स्वतःचा राग येतो, कारण त्या दिवशी पुढे चालणाऱ्यांत मी होतो.

म्हणून मी माझे मत ठामपणे मांडले. धारेवर विजेऱ्या बंद, उतारावर प्रत्येकाची चालू. आणि ती कपाळावर नव्हे, हातात, कमरेच्या उंचीवर धरायची, म्हणजे उजेड आडवा पडून दगडांना सावली मिळते आणि खोली कळते. ढोरवाटा फुटतात तिथे पुढच्याने थांबून मागच्याची वाट पाहायची. एका गटात बारापेक्षा जास्त माणसे नकोत, कारण त्यापुढे शेवटचा माणूस पहिल्याला दिसत नाही.

विजेरी हातात धरण्याचे दादाने लगेच मान्य केले. बाराचा आकडा मात्र त्याला रुचला नाही, कारण त्याने कचेरीतल्या बऱ्याच जणांना आधीच शब्द दिला होता. अखेर तात्यांनी तोड काढली. दोन गट, दोघांत अर्ध्या तासाचे अंतर, आणि प्रत्येकाकडे तीन लिटर पाणी. पहिल्या गटाच्या अगदी शेवटी कोण चालणार, असे बाईंनी विचारले, तेव्हा क्षणभर कोणी बोलले नाही, मग दादा म्हणाला, "मी." दुसऱ्या गटाच्या शेवटी मी चालणार आहे.