"इंग्रजीची परीक्षा लागतच नाही" म्हणणारा तो मेसेज, एकेक मुद्दा घेऊन

एक लांबलचक मेसेज सध्या सगळीकडे फिरतोय. त्यात म्हटलंय की परदेशात शिकायला आता आयईएलटीएस, टोफेल असली इंग्रजीची कुठलीच परीक्षा लागत नाही, कॉलेजकडून इंग्रजी माध्यमाचं पत्र घ्या की काम झालं, कोविडनंतर युनिव्हर्सिटीजनी ही अट काढूनच टाकलीय, आणि द्यायचीच असेल तर सगळ्यात स्वस्त ती द्या कारण बघतात फक्त ओव्हरऑल (सगळ्या सेक्शनची सरासरी), आणि एकदा दिली की स्कोअर कायमचा. मला हे वाचून खरंच राग येतो, कारण यावर विश्वास ठेवून मुलं टेस्टची तारीखच घेत नाहीत, मग डेडलाइन आली की धावपळ आणि अख्खा इनटेक, म्हणजे त्या वेळच्या प्रवेशाची संधी, हातची जाते.

आधी त्या पत्राचं बघू, कारण सगळ्यात जास्त गोंधळ तिथेच आहे. एमओआय (मीडियम ऑफ इन्स्ट्रक्शन) लेटर, म्हणजे तेच इंग्रजी माध्यमाचं पत्र, काही ठिकाणी चालतं, हे खरं आहे. ब्रिटनमध्ये डिग्री कोर्सला विद्यार्थ्याचं इंग्रजी बी२ लेव्हलचं (युरोपियन मोजपट्टीवरची मध्यमाच्या वरची पातळी) आहे की नाही हे तपासायचं काम युनिव्हर्सिटीवर सोडलंय, म्हणून काही युनिव्हर्सिटीज पत्र किंवा बारावीचे इंग्रजीचे मार्क धरतात. पण ते त्या युनिव्हर्सिटीने ठरवलेलं असतं, आणि तिथल्याच एखाद्या डिपार्टमेंटची अट वेगळी असू शकते, लॉ किंवा नर्सिंगवाले बऱ्याचदा जास्त मागतात. ब्रिटिश सरकारची जी बहुसंख्य इंग्रजी बोलणाऱ्या देशांची यादी आहे, जिथल्या नागरिकांना इंग्रजी सिद्धच करावं लागत नाही, त्यात जमैका, बार्बाडोस, गयाना, माल्टा आहेत पण भारत, नायजेरिया, केनिया, सिंगापूर नाहीत, मग तिथे तुम्ही बालवाडीपासून इंग्रजीत शिकलेले असा नाहीतर नसा. म्हणजे "मी इंग्लिश मीडियमचा" एवढ्यावर कुठलीही सूट आपोआप मिळत नाही. सूट मागावी लागते, आणि ती मिळाली हे ॲडमिशन ऑफिसकडून मेलवर लेखी घ्यावं लागतं. कुणीतरी फोनवर "चालेल" म्हणालं याला काही अर्थ नाही.

आणि त्या मेसेजमधली सगळ्यात वाईट ओळ म्हणजे "कॉलेज पत्र देत नसेल तर बनवून मिळतं". कृपा करून हे करू नका. खोटी कागदपत्रं सापडली तर कॅनडा पाच वर्षं बंदी घालतो, ब्रिटनमध्ये फसवणुकीवरून व्हिसा नाकारला तर दहा वर्षांपर्यंत पुढचे अर्जही नाकारले जाऊ शकतात. २०१४ मध्ये बीबीसीच्या पॅनोरामा कार्यक्रमाने ब्रिटनमधल्या काही सेंटर्सवर इंग्रजीच्या परीक्षेत चाललेली फसवणूक दाखवली, त्यानंतर हजारो विद्यार्थ्यांचे व्हिसा रद्द झाले, त्यात काहीही न केलेली मुलंसुद्धा भरडली गेली आणि स्वतःचं नाव साफ करायला कोर्टात वर्षानुवर्षं लढली. ज्यांनी काही केलं नव्हतं त्यांचे हे हाल, मग खरंच खोटं पत्र लावणाऱ्याचं काय होईल?

कोविडनंतर अट गेली म्हणे. नाही गेली. २०२० मध्ये टेस्ट सेंटर्स बंद होती म्हणून बऱ्याच युनिव्हर्सिटीजनी डुओलिंगोची ऑनलाइन इंग्रजी टेस्ट किंवा घरून देता येणारी टोफेल घ्यायला सुरुवात केली. पर्याय वाढले, अट तिथेच आहे.

"फक्त ओव्हरऑल बघतात" यावर तर मुलं हमखास अडकतात, म्हणून हिशोबच मांडते. समजा लिसनिंग ८, रीडिंग ८, स्पीकिंग ७ आणि रायटिंग ५.५. बेरीज २८.५, भागिले चार ७.१२५, आयईएलटीएसच्या राउंडिंगने ओव्हरऑल ७. घरात सगळे खूश. आणि कोर्सच्या पानावर लिहिलेलं असतं "ओव्हरऑल ६.५, कुठल्याही सेक्शनला ६ पेक्षा कमी नको". संपलं, हा ७ वाला अर्ज तिथे बसत नाही आणि ६.५, ६.५, ६.५, ६ वाला बसतो. जास्त करून रायटिंगच खाली ओढतं, आणि त्यात टास्क २ ला (निबंध) टास्क १ च्या (ग्राफचं वर्णन) दुप्पट वजन आहे हेच कित्येकांना माहीत नसतं, ते ग्राफच्या वर्णनात वेळ घालवतात आणि निबंध अर्धवट सोडतात. पाठ केलेले टेम्प्लेट उतरवले तर परीक्षकाला कळतं आणि मार्क जातात, तेव्हा त्या "१०० रेडीमेड निबंध" पीडीएफच्या नादी लागू नका. एकच सेक्शन परत देता येतो, त्याला वन स्किल रीटेक म्हणतात, पण तो प्रत्येक युनिव्हर्सिटी मानतेच असं नाही, आधी विचारा.

स्कोअर कायम चालतो? आयईएलटीएस, टोफेल, पीटीई (अशीच आणखी एक इंग्रजीची टेस्ट), डुओलिंगो, सगळ्यांना साधारण दोन वर्षंच धरतात, आणि टोफेलवाले तर दोन वर्षांनंतर जुना स्कोअर पाठवतच नाहीत. शिवाय टोफेलचं स्केलच जानेवारी २०२६ पासून बदललंय, १२० पैकी जाऊन १ ते ६ झालंय, त्यामुळे जुन्या ब्लॉगमधले "१०० पाहिजेत" वाले आकडे तसेच उचलू नका.

आता "कुठलीही स्वस्त टेस्ट द्या". फी डोंगराएवढी असते, ती तक्रार अगदी रास्त आहे, आणि डुओलिंगो खरंच स्वस्त आहे, तासाभरात घरून होते, खूप युनिव्हर्सिटीज घेतात. पण युनिव्हर्सिटीने घेतली म्हणजे व्हिसावाले घेतील असं नाही! ऑस्ट्रेलियाच्या स्टुडंट व्हिसाला डुओलिंगो चालत नाही, घरून दिलेली कुठलीच टेस्ट चालत नाही, आणि २३ मार्च २०२४ पासून व्हिसासाठीचा आयईएलटीएसचा किमान बँड (स्कोअर) ५.५ वरून ६ केलाय. ब्रिटनमध्ये डिग्रीच्या खालचा कोर्स असेल तर सरकारमान्य यादीतलीच टेस्ट लागते, डुओलिंगो त्यात नाही. पुढे ब्रिटनमध्ये नर्स म्हणून रजिस्टर व्हायचं असेल आणि इंग्रजी टेस्टनेच दाखवायचं असेल तर आयईएलटीएस किंवा ओईटी (आरोग्य क्षेत्रातल्या लोकांसाठीची इंग्रजीची टेस्ट), एवढेच दोन पर्याय. अमेरिकेत उलटं आहे, तिथे एफ-१ म्हणजे स्टुडंट व्हिसाला सरकारने ठरवलेला असा स्कोअरच नाही, युनिव्हर्सिटी ठरवते आणि आय-२० वर (व्हिसासाठी युनिव्हर्सिटी देते तो फॉर्म) इंग्रजीबद्दलची नोंद करते, पण मग इंटरव्ह्यूला व्हिसा ऑफिसरसमोर तुम्हालाच बोलायचं असतं.

म्हणून टेस्ट बुक करायच्या आधी तीन पानं उघडा: युनिव्हर्सिटीचं, त्या कोर्सचं आणि त्या देशाच्या व्हिसाचं. तिन्हीकडे चालेल अशी टेस्ट निवडा, आणि तारीख अशी घ्या की एखादा सेक्शन हुकला तरी डेडलाइनच्या आत परत देता येईल.