पेटंट कशाला, म्हणणाऱ्या अप्पांना

“पेटंट म्हणजे वकिलांचं चराऊ कुरण,” असं माझे चुलते अप्पा यंदा गणपतीत पडवीत बसून म्हणाले. म्युनिकला परतून दोन महिने झाले, तरी ते वाक्य डोक्यातून जात नाही.

विषय चुलतभावाच्या मुलाचा होता. रत्नागिरीला इंजिनीअरिंग शिकतो. त्याने सलाईनची बाटली टांगायचा आकडा केलाय. बाटली हलकी झाली की आतली स्प्रिंग आखडते आणि खालचा चिमटा नळी दाबून बंद करतो. वीज लागत नाही. लाइट गेलेल्या रात्री आजाऱ्याच्या उशाशी जो जागलाय, त्यालाच याची किंमत कळेल. मी तो दहादा उघडून मिटून पाहिला. मग समजलं की कॉलेजच्या प्रदर्शनात तो मांडून झालाय आणि व्हिडिओही गावभर फिरलाय.

मी इथे जर्मनीतल्या टुटलिंगेन गावात बनणाऱ्या शस्त्रक्रियेच्या अवजारांचे पेटंटचे दावे लिहितो, म्हणजे शोधातलं नेमकं काय आपलं ते सांगणारी वाक्यं. तिथले लोक नवी चिमटी गिऱ्हाइकाआधी आमच्याकडे आणतात, कारण पेटंट नव्या वस्तूलाच मिळतं आणि युरोपात अर्जाआधी स्वतःच उघड केलेली वस्तूही नवी धरत नाहीत. भारतात केंद्र सरकारने राजपत्रात जाहीर केलेल्या प्रदर्शनालाच बारा महिन्यांची सवलत आहे, कॉलेजच्या नाही. जर्मनीत निदान गेब्राउक्समुस्टर, म्हणजे धाकटं पेटंट आहे, त्यात वस्तू उघड केल्यावरही अर्जाला सहा महिने मिळतात. आपल्याकडे तेही नाही. पण प्रदर्शनाआधी पेटंटची तारीख राखणारा तात्पुरता अर्ज टाकला असता, तर ऑनलाइन सरकारी शुल्क १६०० रुपये होतं. अप्पा, हापूसच्या एका पेटीच्या पैशांत झालं असतं!

वकिलाची फी वेगळी, आणि ती जास्त असते, हे कबूल. पण स्प्रिंग जुनी, चिमटाही जुना. नवी आहे ती चिमटा कुठल्या वजनाला पडणार हे ठरवणारी खाच. दाव्यात नुसतं ‘स्प्रिंग’ लिहिलंत तर दुसरा कोणी रबर लावून तेच विकेल. फी त्या एका शब्दाची असते.

अप्पांचा हुकमी एक्का म्हणजे महाडचे डॉ. बावस्कर. विंचूदंशावर त्यांनी प्राझोसिन दिलं, त्यांनी घेतलं का पेटंट? अहो, १९७०च्या कायद्यात उपचारपद्धतीला पेटंट मिळतच नाही. शिवाय ती रक्तदाबाची गोळी कारखान्यात आधीपासून बनत होती. या आकड्याचा साचा कोणी पाडायचा? चाचण्यांना पैसे कोणी घालायचे, दुसऱ्या दिवशी कोणीही नक्कल करणार असेल तर?

हे सगळं मी पडवीत बोललो नाही. नऊ वर्षांचा असताना लाकडाच्या ढिगात मला विंचू डसला होता. घामाने निथळत, थंडगार पडलेल्या मला अप्पांनीच खांद्यावर टाकून दवाखान्यात नेलं होतं. तिथे मला तीच गोळी दिली होती.

आणि आणखी एक. पोराने मे महिन्यातच, प्रदर्शनाआधी, मला आकड्याचा फोटो पाठवला होता, “काका, कसं वाटतंय?” म्हणून. मी “मस्त” एवढंच लिहिलं. टुटलिंगेनहून तो फोटो आला असता, तर मी त्याच दुपारी फोन केला असता.