डायना डामराऊच्या त्या क्लिपबद्दल खुलासा

मोझार्टच्या 'मॅजिक फ्लूट' या ऑपेरातलं (म्हणजे पाश्चात्त्य संगीतनाटकातलं) रात्रीच्या राणीचं गाणं, जर्मन ऑपेरा गायिका डायना डामराऊने लंडनच्या रॉयल ऑपेरा हाऊसमध्ये २००३ ला गायलेलं, ती क्लिप सगळीकडे फिरतेय आणि खाली लिहिलेलं असतं की एवढा वरचा आवाज माणसाचा नाहीच, मशीनने चढवलाय. साफ चुकीचं आहे हो! हे गाणं १७९१ सालचं, मोझार्टने ते आपली मेहुणी योझेफा होफरच्या गळ्यासाठी लिहिलं, तेव्हा कसलं मशीन? त्यातला सगळ्यात वरचा सूर, पाश्चात्त्य संगीतातला 'एफ', साधारण १,४०० हर्ट्झचा (म्हणजे सेकंदाला तेवढी कंपनं), आणि तो जोर लावून ओरडून लागतच नाही. वर जाताना तिचा जबडा बघा, कसा उघडत जातो, त्याने तोंडातली पोकळी त्या सुराशी जुळते आणि आवाज आपोआप मोठा होतो, म्हणून तर ऑर्केस्ट्रावरून माईकशिवाय शेवटच्या रांगेपर्यंत पोचतो (व्हिडिओसाठी रेकॉर्डिंगचे माईक असतात, ते वेगळं). आणि ते टिपटिप तुटक सूर ऐका परत, प्रत्येक सूर सुटा, नेमक्या जागी, आणि चेहऱ्यावर राग तसाच पेटलेला, ही वर्षानुवर्षांची मेहनत आहे, तिचं श्रेय मशीनला देऊ नका प्लीज.