एक फूट पुढे

स्पीडब्रेकरवरून उतरताना पुढून ‘खट्’ असा आवाज यायचा, ब्रेक दाबला की गाडी डावीकडे ओढायची आणि टायर आतल्या कडेनं गुळगुळीत झालेला. लोअर आर्मचे, म्हणजे चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणाऱ्या दांड्याचे, बुश (दोन नळ्यांमध्ये रबर असलेले सांधे) गेलेत हे कळायला ज्योतिषी लागत नाही. गाडी 16 वर्षांची, रबरही तिच्याच वयाचं. घरीच बदलायचे ठरवले. का, ते विचारू नका. घरचे अजून विचारताहेत.

जॅक लावला, गाडी स्टँडवर टेकवली, चाक काढून खबरदारी म्हणून तिच्याच पोटाखाली सरकवलं. आर्मचा चाकाकडचा सांधा, म्हणजे बॉल जॉइंट, सुटला. उरला एक बोल्ट. तो बुशच्या आतल्या नळीतून जातो, आणि 16 वर्षांच्या गंजानं त्या दोघांचा संसार असा एकजीव झालेला की 19 नंबरची गोटी (सॉकेट पाना) लावून जोर दिला की बोल्टबरोबर नळीही फिरायची. रबर पीळ खायचं आणि सगळं निवांत पुन्हा जागेवर. व्हिडिओतल्या माणसाचा हाच बोल्ट “आता बोल्ट काढून घ्या” म्हणेपर्यंत निघालेला असतो. शिवाय तो उभा असतो, गाडी त्याच्या डोक्यावर, लिफ्टवर. मी पाठीवर, डोळ्यांत गंजाचा चुरा, आणि नजरेसमोर दोन चपला.

चपला तळमजल्यावरच्या काकांच्या.

“गाडी जरा एक फूट पुढे घेता का?”

“काका, चाक काढलंय.”

“ते दिसतंय हो. मी मागच्या चाकाचं म्हणतोय. पांढऱ्या पट्ट्यावर आलंय.”

“पण पुढचं काढलंय ना.”

“मग मागचं घ्या पुढे.”

यावर काय बोलायचं असतं? मी बोल्टावर आणखी तेल फवारलं.

“तुमची गाडी लावायचीय का इथे?”

“माझ्याकडे कुठे गाडी?”

“मग कुणी येणार आहे?”

“कोण येणार?”

“मग अडलंय काय, काका?”

“अडलं कशाला पाहिजे? पट्टा आखलाय कशासाठी?”

चपला गेल्या. मला वाटलं, सुटलो. पाच मिनिटांनी त्या परत आल्या, सोबत प्लास्टिकच्या खुर्चीचे चार पाय घेऊन. “उतरवलीत की सांगा,” म्हणून काका बसले ते बसलेच. बोल्ट निघाला तेव्हा ते होते. आर्म शेगड्यात (व्हाइसमध्ये) धरून बुशची बाहेरची नळी मी हॅकसॉनं आतून कापत होतो तेव्हाही होते. नवा बुश थोडा आकसावा म्हणून रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवला होता, तो आणायला वर गेलो, तर खाली आल्यावर पहिला प्रश्न : “आता घेताय ना पुढे?” तीन तासांत बुश म्हणजे काय, हे त्या माणसानं एकदाही विचारलं नाही. मी सांगायला तयार होतो. खरं तर सांगायला टपलो होतो.

आर्म जागेवर चढला. बोल्ट आवळायला घेतले.

“आधी खाली उतरवा,” काका म्हणाले. “मग आवळा काय आवळायचं ते.”

“आधी आवळायचं असतं, काका.”

“खाली घेऊन आवळा की. पळून जातंय का?”

ज्याला फक्त एक फूट हवाय, त्याचं सस्पेन्शनबाबत कोण ऐकणार? गाडी अधांतरी असतानाच मी सगळे बोल्ट दात-ओठ खाऊन आवळले.

रात्री मॅन्युअल उघडलं. बोल्ट शेवटचे आवळायचे ते चाकं जमिनीवर टेकवून, गाडीचं वजन सस्पेन्शनवर आल्यावर. या बुशमधलं रबर आतल्या आणि बाहेरच्या दोन्ही नळ्यांना चिकटवलेलं असतं. आर्म वर-खाली होतो तेव्हा बुश फिरत नाही, रबर पीळ खातं. आर्म लोंबकळत असताना आवळलं, की गाडी खाली आल्यावर ते कायमचं पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं.

म्हणजे काका बरोबर होते! संपूर्ण चुकीच्या कारणासाठी, संपूर्ण बरोबर. ही एवढी महत्त्वाची गोष्ट मॅन्युअलनं अर्ध्या ओळीत उरकली होती, आणि व्हिडिओवाल्यानं हातमोज्यांचं कौतुक करण्याच्या नादात सांगितलीच नव्हती. दुकानदार तर “सुटे बुश कोण बसवतं आता, आख्खा आर्मच घ्या” यापुढे सरकलेच नव्हते, तेही तीन दुकानांतले. अख्ख्या जगात मला योग्य सल्ला देणारा माणूस एकच निघाला, आणि तो पट्ट्यासाठी बोलत होता. याचा राग कुणावर काढायचा?

दुसऱ्या दिवशी पुढची चाकं जाड फळ्यांवर चढवली, हँडब्रेक ओढला, मागच्या चाकांना अडण लावली आणि पुन्हा आडवा झालो. बोल्ट सैल केले, पुन्हा आवळले. चपला वेळेवर हजर.

“कालच म्हटलं होतं,” वरून आवाज आला.

मी गप्प. फळ्या काढल्या, गाडी सुरू केली आणि मोजून एक फूट पुढे घेतली. काका खुर्चीतून उठले, मागे जाऊन वाकून पाहून आले, मग पुढे गेले.

“आता पुढचं आलं पट्ट्यावर.”