‘मोजक्या झाडांना विष पाजा, जंगल वाचवा’ : कुठे चुकतो हा मेसेज?

सध्या एक मेसेज जोरात फिरतोय. मजकूर थोडक्यात असा : ‘कॅनडात साल पोखरणाऱ्या भुंग्यांवर सोपा इलाज होता. मोजक्या झाडांना विष पाजायचं, भुंगे तिकडेच धावतात आणि मरतात. पक्ष्यांना धोका नाही. पर्यावरणवाल्यांनी तो बंद पाडला आणि जंगलं गेली. आंब्याचं खोड पोखरणाऱ्या भिरुडावरही हेच करा.’

‘भुंगे विषाकडे धावतात.’ अजिबात नाही. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात वापरायचे ते एमएसएमए, आर्सेनिकचं संयुग. त्याला भुंगा भुलत नाही. भुंग्याला बोलावतं ते खोडावर लावलेलं गंधाचं आमिष. पाइनवरचे भुंगे सालीत शिरले की कुऱ्हाडीनं बुंध्याभोवती खाचा पाडून औषध ओतायचं. ते रसाबरोबर वर चढतं आणि सालीखाली वाढणारी पिल्लावळ मरते. खरी गोम वेळेची आहे. भुंगे सोबत एक निळी बुरशी आणतात, ती लाकडातला रस अडवते. तीन-चार आठवडे उलटले की औषध वर चढतच नाही.

‘पक्ष्यांना धोका नाही’ हे तर धडधडीत खोटं. सुतार पक्षी साल उचकटून याच अळ्या खातात. औषध दिलेल्या झाडांतल्या भुंग्यांत आर्सेनिक सापडलं, तसंच त्या भागातल्या सुतार पक्ष्यांच्या रक्तातही.

‘बंद पाडलं म्हणून जंगलं गेली.’ जरा सनावळी बघा. साथ भडकली १९९०च्या दशकात, एमएसएमए वापरात होतं २००४ पर्यंत. औषध हाताशी असतानाच साथ हाताबाहेर गेली. हिवाळे सौम्य झाले होते. अळ्या मरायला उणे ४० अंशांच्या आसपासची थंडी लागते. शिवाय वर्षानुवर्षं वणवे विझवल्यानं म्हाताऱ्या लॉजपोल पाइनचं रान माजलेलं. झळ लागली सुमारे १.८ कोटी हेक्टरला, म्हणजे निम्म्याहून जास्त महाराष्ट्र. तिथे कुऱ्हाड घेऊन झाडन्‌झाड कोण गाठणार? लागण नुकती सुरू झालेल्या छोट्या पट्ट्यांत ही पद्धत उपयोगी पडायची, एवढं मान्य.

राहिला भिरुड. तो वेगळ्याच कुळातला, लांब मिशांचा. त्याची अळी थेट लाकडात बोगदा करते. आणि मेसेज लिहिणाऱ्यानं मुख्य गोष्टच गाळली आहे : एमएसएमए दिलेलं झाड मरतं. कॅनडात ते झाड वाचवायचं नसायचंच. कलमाच्या आंब्यात आर्सेनिक ओतून काय साधणार? खोडाशी ताजा भुसा दिसला तर तारेनं अळी ओढून काढा, भोकात कीटकनाशकाचा बोळा घाला आणि वरून चिखलानं लिंपा.